धर्मराज मेल्यास

कुऱ्हाडीचा दांडा बाभळीचा असावा. सागाचा ओल्या हातात फिरतो.

•

जालन्याच्या मुन्सिफ अदालतीच्या आवारात लिंबाखाली एक बैल बांधलेला आहे. त्याच्या मागच्या पायाची शीर कोणीतरी विळ्याने कापली आहे. तो एका खटल्यातला पुरावा आहे, म्हणून मालकाला घरी नेता येत नाही, आणि पुराव्याला कडबा घालायची सरकारात सोय नाही.

•

नरहर वकील जेवायला बसला की आधी ताटातल्या भाताचे वाटे करतो. वरणाचा, आमटीचा, ताकाचा, आणि एक उगाच. बायको म्हणते, "अहो, भात आहे तो. भांडायचा नाही."

•

"ए कलम! कुठं चाल्ला रे, कलम?" केदारखेड्याच्या पारावरून मारलेली हाक.

•

नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची हळद साळूबाईने स्वतः दळली. दळताना नख उचकटलं. रक्त हळदीत उतरलं. ती हळद तशीच नवरीला लागली.

•

देवाला वारस नसतो, म्हणून त्याच्याशी भाऊबंदकी कोणी करत नाही.

•

अदालतीच्या उर्दूत वाटणीला तकसीम म्हणतात आणि खुनाला कत्ल. नरहरच्या दफ्तरात दुसरा शब्द पहिल्याच्या मागून, त्याचंच बोट धरून येतो.

•

आता हे सगळं एका दावणीला बांधायचं तर सुरुवात काकासाहेबांपासून करावी लागेल.

काकासाहेब केदारखेड्याचा मोठा कास्तकार. बापाकडून आलेलं रान थोडं. नदीकाठचं काळं रान आणि मोटेची विहीर त्याने स्वतः, आपल्या हिमतीवर घेतलेली. बायका दोन. थोरली साळूबाई, तिची कूस बरीच वर्षं उजवली नाही. मग तिच्याच संमतीने धाकटी चतुराबाई घरात आली. संमती देताना साळूबाईने एकच अट घातली होती: पुढे देवाने मला दिलंच तर त्याला निम्मं. काकासाहेब हसून हो म्हणाला होता, कारण देव देईल असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं. चतुराबाईला तीन मुलगे झाले. त्यातला थोरला रामकिसन मोट हाकायच्या वयाचा झाल्यावर साळूबाईला धर्मराज झाला.

म्हणजे तीन भाऊ निम्म्यात, आणि मागून आलेला एकटा निम्म्याचा धनी.

फसली सन तेराशे शेहेचाळीस, म्हणजे इंग्रजी छत्तीस-सदतीस. काकासाहेब दम्याने वाकलेला, साळूबाई त्याच्या मागे पदर दातात धरून, अशी दोघं जालन्याला नरहर वकिलाच्या बैठकीत येऊन बसली.

"वसीयत करायचीय," काकासाहेब म्हणाला. "शब्द दिल्ता. मी मेल्यावर हे तिघं त्याला रानात पाय ठेवू देणार न्हाईत."

"देतील की. कागद पक्का करू," नरहर म्हणाला.

"वकीलसाहेब," साळूबाई मागून बोलली, "मला वाटा नगं. कागदात येवढंच लिवा की ह्ये पोरगं जित्तं राहील."

"तसं कागदात लिहिता येत नाही, साळूबाई."

"मंग कागद काय कामाचा?"

हे नरहरला लागलं. लागायचं कारण असं की तो स्वतः रात्रंदिवस हाच विचार करणारा माणूस. अदालतीत त्याने काय काय पाहिलं होतं! हसनाबादकडच्या एका थोरल्याने धाकट्याचा हात उसाच्या चरकात घातला होता आणि बैलांना चाबूक मारला होता. एका सुनेने दिराच्या भाकरीत काच कुटून घातली होती. एका म्हाताऱ्याला त्याच्या पुतण्यांनी धुऱ्यातच पुरलं होतं, म्हणजे हद्दीच्या बांधात, आणि वर सांगितलं होतं की आता बांध हलायचा नाही. नरहरची पक्की समजूत होती की हे सगळे खून बापांच्या आळसाचे आहेत. बाप जिवंतपणी लिहून ठेवत नाही. मेल्यावर बोलवावं लागतं अदालतीला, आणि अदालत येते ती पंचनाम्याच्या मागे, माशा बसल्यावर. अदालतीला मेलेल्याबद्दल सगळं विचारता येतं, जित्याबद्दल काही करता येत नाही. ते काम वकिलाचं. माणसं जमिनीसाठी मारतात ना? मग मारून जमीन मिळणार नाही अशी तजवीज करून ठेवावी. मारायचा फायदाच काढून घ्यावा. कोण कशाला कुऱ्हाड उचलेल?

किती सोपं होतं हे. भाताच्या वाट्यांइतकं.

त्याने कलम लिहिलं. उर्दूत लिहिलं, कारण अदालतीला तीच भाषा चालायची, पण त्याचा मराठी अर्थ असा:

*धर्मराज मेल्यास, अगर मारला गेल्यास, आणि त्याला मूल नसल्यास, त्याचा निम्मा हिस्सा गावच्या महादेवाला जाईल. रामकिसन व त्याचे भाऊ यांना त्यातलं ढेकूळही मिळणार नाही.*

"अगर मारला गेल्यास" हे शब्द लिहावे की न लिहावे यावर त्याने बराच वेळ टाक दौतीवर टेकवून ठेवला होता. नुसतं "मेल्यास" पुरलं असतं. कायद्याला पुरलं असतं. पण साळूबाई समोर बसली होती. त्याने लिहिले. आणि रामकिसनचं नाव घातलं, उगाच शंका नको म्हणून.

"साळूबाई," तो म्हणाला, "हे कलम म्हणजे तुमच्या पोराच्या छातीवरचा लोखंडी पत्रा समजा. ज्याला मारायचं तो आधी विचार करील की मला काय मिळणार."

साळूबाईने कागदाला हात लावून तो हात डोळ्यांना लावला.

*(टाक पुसून ठेवताना नरहरच्या मनात आलं: असं कलम निजामाच्या अख्ख्या मुलखात कोणी लिहिलं नसेल. त्याला बरं वाटलं. ते बरं वाटणं पुढे कित्येक महिने टिकलं.)*

•

कागद गुपचूप ठेवायची रीत. जित्या माणसाची वसीयत वाचणं अशुभ. काकासाहेबही तेच म्हणाला. पण नरहर ऐकेना. तो स्वतः केदारखेड्याला गेला. म्हणाला, "काकासाहेब, कुंपणाचा काटा दिसला तर ढोर थांबतं. पेटीत ठेवलेला काटा काय कामाचा?"

तर मग वाचन झालं. ओसरीवर घोंगडी टाकली. काकासाहेब, दोन्ही बायका, चारी पोरं. साक्षीला गावचा सारा वसूल करणारा म्हातारा मालीपाटील आणि महादेवाचा गुरव. नरहरने आधी उर्दूत वाचलं, मग एकेका कलमाचा मराठीत अर्थ सांगितला. नदीकाठचं रान कोणाला, विहीर कोणाला, सगळं शांतपणे ऐकलं गेलं. निम्म्याची कुणकुण घरात होतीच; चतुराबाईने तोंड वाकडं केलं, एवढंच.

मग ते कलम आलं.

कलम वाचून झालं. चतुराबाई उठून उभी राहिली.

"अवो, माझ्या पोरानं काय केलं? काय केलं त्येनं? त्येचं नाव का तिथं?"

"बस खाली," काकासाहेब म्हणाला.

"न्हाई बसत. सख्ख्या बापानं पोराला मारेकरी लिवलं! जन्मल्याबरुबर नरड्याला नख लावायचं व्हतं, तुमचा कागद तरी वाचला असता!"

धर्मराज खाली मान घालून घोंगडीचे धागे उपटत होता. मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. तो म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या ना. दादा मला कशाला मारील?"

"वकीलसाहेब," रामकिसन बोलला. आवाज थंड. "त्ये एकदा परत वाचा."

नरहरने परत वाचलं. मराठीतून, सावकाश, नाव धरून.

रामकिसन हसला. मोठ्याने हसला, मांडीवर थाप मारून. "बराबर हाये. पक्कं हाये. आता कुणाच्या बापाची हिंमत न्हाई." मग भावांकडे वळून, "काय रे? धर्माला ठेच लागली तरी आता आपुन पळायचं."

सगळे हसले. नरहरही हसला. काकासाहेबाचा अंगठा उठला, मालीपाटलाचा आणि गुरवाचा उठला. पोरांचा अंगठा घ्यायची कायद्यात गरज नव्हती, म्हणून घेतला नाही.

•

पाऊस पडून पिकं उभी राहिली तेव्हा काकासाहेब दम्याने गेला. त्याच सालात पटकीची साथ आली आणि मालीपाटील गेला. वाटे कागदाप्रमाणे पडले. कोणी कोणाचा बांध फोडला नाही. नरहर अदालतीत इतर वकिलांना सांगायचा, "पाहा, असं करावं लागतं. एक फिर्याद नाही."

फिर्याद नव्हती. खेळ होता.

गावाला खेळ मिळाला होता. धर्मराज पारावर खोकला की कोणीतरी ओरडायचं, "रामकिसन, पाणी दे रे लौकर, न्हाईतर महादेव मालामाल व्हईल!" धर्मराजला ताप आला तर गुरवाला विचारायचे, "काय देवा, औत घ्यायचं का इकत?" रामकिसन कुऱ्हाड खांद्यावर टाकून लाकडाला निघाला की, "कलम निघालं, कलम! पोरं घरात घ्या!" आधी पोरं म्हणायची. मग मोठी माणसं. मग रामकिसन हे नाव गावातून गेलंच. पोलीसपाटलाने सरकारी कामाला बोलावताना कोतवालाला सांगितलं, "जा, कलमाला बोलाव." कोतवाल तसाच ओरडत गेला.

एकदा बाजारात त्याने एकाला धरून आपटलं. दात पाडले, कान चावून तोडला. लोकांनी सोडवलं. रक्ताचं तोंड पुसत तो माणूस म्हणाला, "तुझ्या बापाला ठावं व्हतं रे, म्हणून लिवून गेला."

रामकिसनची पोरगी नंदाबाई लग्नाची झाली होती. हसनाबादचं स्थळ, सुपारी फुटायची होती. मुलाकडचे आले, जेवले, गावात फिरले, आणि निरोप पाठवला: ज्या घराला बापाने मारेकरी लिहिलंय, त्या घरची लेक आमच्या चुलीपुढे नको.

त्यावर रामकिसन जालन्याला आला. बैठकीत बसला नाही. उभाच राहिला.

"खोडा त्ये."

"काय?"

"नाव खोडा माझं. धर्माचं रान मला नगं. समदं त्याला द्या, माझं बी द्या. नाव तेवढं खोडा."

"रामकिसन, मेलेल्या माणसाचा कागद कोणाला खोडता येत नाही. मलाही नाही. निवाडा करणाऱ्या नाझिमसाहेबांनाही नाही."

"मंग मी काय करू?"

"काहीच करू नका. तुम्ही काही केलं नाही की कलम आपोआप झोपून राहतं. धर्मराजाचं लग्न होऊ द्या, मूल होऊ द्या. मग कलम मेलंच."

"कलम झोपलंय, वकीलसाहेब. गाव जागं हाये."

"लोकांच्या तोंडाला काय लागता?"

रामकिसनने दाराच्या चौकटीला हात लावला. म्हणाला, "तुमी चांगलं केलं म्हणून केलं, मला ठावं हाये. पण तुमी मला न बघता वळखलं कसं?"

आणि गेला. नरहरने दुसऱ्या पक्षकाराला आत बोलावलं.

•

पुढचं साळूबाईने सांगितलेलं. ती तुरीच्या तासात होती. तूर डोक्याच्या वर गेलेली. तिने पाहिलं आणि ती ओरडली नाही. ओरडायला तोंड उघडलं तर जीभच हलेना, असं ती सांगायची.

धर्मराज मोट हाकत होता. बैल धावेवरून खाली उतरायचे, मोट भरून वर यायची, तो गात होता. तिघं बांधावरून आले. कुऱ्हाड रामकिसनकडे. एका भावाने आधी बैल सोडले आणि बाजूला नेऊन बाभळीला बांधले, बैल बुजून विहिरीत जाऊ नयेत म्हणून. बैलांची काळजी घेतली त्यांनी. दुसऱ्याने नाडा ओढून धरला.

"दादा, बैल काऊन सोडले?" धर्मराज म्हणाला.

रामकिसनने पहिला घाव खांद्यावर घातला. हात लोंबला. धर्मराज पळाला नाही. त्याला कळलंच नाही बहुतेक. तो आपल्या लोंबत्या हाताकडे पाहत राहिला. मग पाहिलं रामकिसनकडे, आणि एखाद्या विसरलेल्या गोष्टीची आठवण करून द्यावी तसं घाईघाईने बोलला:

"दादा, आरं, महादेवाला जाईल समदं. तुला काय भेटंल?"

साळूबाई हे सांगायची तेव्हा तिचा आवाज धर्मराजासारखा व्हायचा. तिनेच त्याला ते शिकवलं होतं. वकिलाने सांगितलं तसं. लहानपणी रामरक्षा शिकवावी तसं.

"मला नाव भेटलंय, धर्मा," रामकिसन म्हणाला. "आबांनी लिवून ठेवलंय, त्येच करून राह्यलो."

दुसरा घाव मानेत. कुऱ्हाड अडकली. पाय देऊन काढावी लागली. तिसरा घाव घालायची गरज नव्हती, तो घातला. मग चौथा. मग त्याचे भाऊच म्हणाले, "दादा, बास. बास आता," आणि तो थांबेना, माती उडायला लागली तरी थांबेना. शेवटी दोघांनी त्याला मागून कवळा घातला. धर्मराजाला त्यांनी विहिरीत ढकललं, कुऱ्हाड मागून टाकली. हात-पाय थारोळ्यात धुतले, जिथे मोटेचं पाणी पडतं तिथे. मग बैल सोडून आणले, आणि जुंपले, आणि अर्धवट राहिलेलं वाफ्याचं पाणी पुरं केलं.

विहिरीतलं पाणी. साळूबाईला तेवढंच पुन्हा पुन्हा सांगायचं असे. "वकीलसाहेब, त्येनी पाणी दिलं वो पिकाला. लाल पाणी व्हतं."

•

पोलिसांच्या अमीनसाहेबांनी गळ टाकून प्रेत काढलं, कुऱ्हाड काढली. तिघांना बेड्या घातल्या. खटला औरंगाबादच्या सेशन अदालतीत उभा राहिला, आणि तिथे नरहरला पहिल्यांदा कळलं की त्याने काय लिहून ठेवलं होतं.

आरोपींचा वकील औरंगाबादचा, तल्लख माणूस. त्याचा सगळा बचाव नरहरच्या कलमावर उभा होता. बघणारी साक्षीदार कोण? मयताची आई, ती बोलणारच. कुऱ्हाड? कुऱ्हाडी घरोघर असतात. मग प्रश्न एकच: यांनी का मारावं? खून करून यांना काय मिळणार होतं? ढेकूळही नाही. कागदातच लिहिलंय. आणि हे त्यांना माहीत होतं. ज्याला माहीत आहे की मारून सगळं देवळाला जाणार, तो शहाणा कास्तकार भावाला मारील का? मारेकरी दुसराच कोणी असणार. सोडा यांना.

अगदी हेच नरहरने साळूबाईला सांगितलं होतं. शब्दही तेच. अदालत तसाच विचार करायची, कारण अदालत म्हणजे नरहरसारखीच माणसं, फक्त उंच खुर्चीत बसलेली. फायदा कोणाचा? हे विचारायला कायद्यात जागा होती. नावाने माणूस कसा कुजतो, हे विचारायला जागा नव्हती. कुठल्या कलमाखाली विचारणार?

तेव्हा सगळं एका गोष्टीवर आलं. कलम त्यांना माहीत होतं का? मालीपाटील मेला होता. गुरव साक्षीला आला आणि म्हणाला, "मला तवापासून कमी ऐकू येतं, मायबाप. काय वाचलं, काय न्हाई, महादेवाला ठावं." त्याला कोणाचीच बाजू नको होती, त्याला गावात राहायचं होतं. आरोपींच्या आईचा शब्द कोण धरणार? गावात कलमाची थट्टा होत होती हे सांगायला गावातून एकही माणूस आला नाही. थट्टा कोणी कबूल करत नाही. राहिला नरहर.

साक्षीच्या आदल्या दिवशी साळूबाई औरंगाबादच्या धर्मशाळेत त्याला भेटली. दुपारची वेळ. ती ओसरीच्या खांबाला पाठ लावून बसली होती.

"तुमी वाचलंच न्हाई म्हणा."

"साळूबाई, मी शपथ घेणार आहे."

"मी बी घेतली. मी म्हणलं, मला काई ठावं न्हाई, वाचलं न्हाई कुणी. मला पाप लागू द्या."

"तसं नाही. मी वकील आहे. मी खोटं बोललो तर मग अदालतीत काय उरलं?"

"काय हाये तिथं आता? माझं पोरगं हाये का तिथं?" ती खांबाला डोकं आपटायला लागली. हळू हळू, जोर न लावता. "तुमी म्हणले व्हते पत्रा हाये. पत्रा हाये छातीवर. तुमच्या पत्र्यावरून कुऱ्हाड घसरली न्हाई, वकीलसाहेब. आता त्यो पत्रा त्या रांडेच्याच्या छातीवर हाये. काढा तेवढा. मी न्हाई जात हितून."

कपाळ फुटलं तरी ती थांबेना. नरहरने तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. बाईमाणसाला हात लावायची ही त्याची पहिलीच वेळ. त्याच्या बोटांवर रक्त आलं, आणि ते कुठे पुसावं हे त्याला सुचेना.

•

सवाल (आरोपींचा वकील): आपण हा वसीयतनामा लिहिला?

जवाब: होय. माझं अक्षर आहे.

सवाल: धर्मराज मेल्यास, हे कलम आपलं?

जवाब: माझं.

सवाल: ते का घातलं?

जवाब: पोराच्या जिवाला जपायला.

सवाल: कोणापासून?

जवाब: मी फायद्याचा विचार केला होता.

सवाल: म्हणजे हे कलम आरोपींना माहीत असल्याशिवाय त्याचा उपयोग नव्हता. बरोबर?

जवाब: बरोबर.

सवाल: आपण हुशार वकील आहात. तेव्हा आपण ते त्यांना वाचून दाखवलं असणार.

इथे नरहरने वर पाहिलं. नाझिमसाहेब टाक हातात धरून वाट पाहत होते. पिंजऱ्यात तिघे भाऊ. दोघांची नजर पायांकडे. रामकिसन मात्र सरळ नरहरकडे पाहत होता, आणि त्याच्या तोंडावर भीती नव्हती. विश्वास होता. या माणसाने वाचलंय, दोनदा वाचलंय, हा शिकलेला माणूस आहे, हा खरंच सांगणार. जगात एवढा एकच माणूस उरला होता ज्याच्यावर रामकिसनचा विश्वास होता.

सवाल: साक्षीदाराने उत्तर द्यावं. वाचून दाखवलं?

जवाब: नाही.

सवाल: नाही?

जवाब: जित्या माणसाची वसीयत वाचत नाहीत. अशुभ असतं. तशी रीत आहे. मी पेटीत ठेवली.

सवाल: आपण शपथेवर आहात.

जवाब: होय. त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं असेल, धर्मराज गेला की रान आपलं.

पिंजऱ्याची लाकडं वाजली. रामकिसनने बेड्यांसकट कठड्यावर उडी घेतली होती. शिपायाने बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर घातला, ओठ फाटला, तरी तो ओरडत राहिला, "खोटं! वाचलं ह्येनं! दोनदा वाचलं! साहेब, मी मारलं, कापलं मी त्याला, पण रानासाठी न्हाई! रानासाठी न्हाई वो! ह्येला विचारा! वाचलं व्हतं का न्हाई विचारा!"

नाझिमसाहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि "मी मारलं" एवढं लिहून घेतलं. बाकीचं मुद्द्याला धरून नव्हतं.

•

तिघांना जन्मठेप झाली. हेतू काय, तर जमिनीचा लोभ. फैसल्यात तसं नोंदलं गेलं, उर्दूत, सुरेख वळणदार अक्षरात.

निम्मं रान कागदाप्रमाणे महादेवाला गेलं. साळूबाई त्या निकालाने हसली नाही, रडली नाही. नरहरच्या पाया पडायला वाकली, आणि तो मागे सरला.

अदालतीच्या पायरीवर चतुराबाई उभी होती. तिच्या हातात रस्त्याच्या खडीतला एक दगड. जवळ आली तेव्हा नरहरला वाटलं ही विनवणी करणार. तिने दगड मुठीत धरूनच त्याच्या तोंडावर मारला.

"ज्या तोंडानं वाचलं," ती म्हणाली, आणि परत मारला, "त्याच तोंडानं!" पुढचे दात ओठात घुसले. तो खाली बसला. ती त्याच्या छातीवर गुडघा ठेवून मारत राहिली, तोंडावरच, दुसरीकडे कुठेही नाही. भोवती पक्षकार, कारकून, शिपाई जमले. नरहरने हात वर केले नाहीत. दोन शिपायांनी तिला ओढलं तेव्हा तिच्या मुठीतला दगड लाल झाला होता आणि ती धापा टाकत होती, उसाच्या चरकाला जुंपलेल्या जनावरासारखी.

शिपायाने विचारलं, "वकीलसाब, रपट लिखवानी है?"

नरहरने तोंडातलं रक्त आणि दाताचा तुकडा हातावर घेतला.

"नाही," तो म्हणाला. शब्द फाटकेच बाहेर पडले. "पायरीवरून पडलो."

मग त्याने अदालतीच्या पायऱ्यांकडे पाहिलं. लोक वर चालले होते, खाली येत होते, प्रत्येकाच्या काखेत कागद.

पुढे कित्येक बाप त्याच्याकडे वसीयत करायला आले. नरहर लिहून द्यायचा: रान कोणाला, विहीर कोणाला. मग कोणीतरी हळूच विचारायचा, वकीलसाहेब, पोरं एकमेकांच्या जिवावर उठली तर? त्याबद्दल काही लिहिता येतं का? त्यावर तो टाक खाली ठेवायचा आणि बोळक्या तोंडाने बाहेर, लिंबाच्या झाडाकडे बघत राहायचा, पक्षकार उठून जाईपर्यंत.

केदारखेड्याला वसीयत वाचून झाली त्या दिवशी वकिलाच्या गाडीचा एक बैल लंगडायला लागला, तेव्हा रामकिसनने स्वतःची जोडी जुंपली आणि राजूरपर्यंत गाडी हाकत नेली.